लाल मोटारीचा राखणदार

जव्हारच्या आसपासच्या पाड्यांवर जिव्याला ओळखत नाही असा माणूस त्या काळी शोधूनही सापडला नसता. पण ज्या वर्षाची ही गोष्ट आहे, त्या वर्षी त्याला ओळखत सगळे होते आणि शेत राखायला कोणी देत नव्हतं.

जिव्याचा बाप राखणदार, आजाही राखणदार. नागली म्हणजे नाचणी, ती दाणा धरू लागली की शेतात चार खांबांचा माळा बांधायचा, वर बसायचं, आणि पीक घरात जाईपर्यंत भाकरीपुरतंच खाली उतरायचं. आरडाओरडा काय, कोणीही करील. जिव्याची खरी विद्या राखेत होती. कुंपणाला जिथं खिंडार असेल तिथं तो चुलीतली राख चाळून पसरायचा. सकाळी तिच्यापाशी उकिडवा बसला की निवांत सांगायचा, "भेकर आलता. आत नाय गेला. मागचा डावा पाय दुखतो त्याचा." ठसा महत्त्वाचा असला तर त्यावर पळसाचं पान झाकून वर खडा ठेवायचा आणि शेताचा धनी येऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघेपर्यंत ते पान हलू द्यायचा नाही.

एकदाच त्यानं हा नेम मोडला. साखरशेतच्या सावळ्याची नागली त्याच्या राखणीत होती. म्हणजे नागली सावळ्याची आणि त्याचा भाऊ भिका याची, दोघांच्या सामाईकीतली. बैल मात्र एकट्या सावळ्याचे, म्हणजे त्यांनी काही खाल्लं तर भावाची भरपाई सावळ्याच्याच माथी. एके संध्याकाळी जिव्याला ताप भरला, तो माळ्यावरच पडून राहिला, आणि पहाटे बघतो तर निम्मं शेत फस्त. राखेत खूर उमटले होते. एक खूर फुटका होता. सावळ्याच्या पांढऱ्या बैलाचा तो खूर जिव्यानं हजारदा पाहिलेला. पण ज्याचं खाल्लं त्याच्या तोंडावर, तेही भावासमोर, सांगायचं कसं? जिव्यानं त्या खुरांवर स्वतःचा पाय फिरवला. सावळा आला, बघितलं, आणि गावभर बोंब ठोकली की राखणदार झोपला नि डुकरांनी शेत नेलं. जिव्या गप्प बसला. गप्प बसण्याची शिक्षा वर्षभर चालू होती.

दसरा होऊन घाटरस्ता वाळला आणि संस्थानच्या शाळेत संमेलन ठरलं. बक्षिसं वाटायला मुंबईचे एक तरुण साहेब आले, तेही स्वतः मोटार हाकत. ती नेहमीची मोटार नव्हती. लाल रंगाची, बुटकी, वर छप्पर नाही, बसायला जागा दोघांचीच. शर्यतीत पहिली आलेली, असं साहेबांनी उतरता उतरताच सांगून टाकलं. पाहुणेबंगल्याच्या वाटेला पायऱ्या होत्या, म्हणून मोटार तीन दिवस शाळेच्या आवारात राहणार होती.

"हिला ओरखडा जरी आला तरी मी खपवून घेणार नाही," साहेब म्हणाले. "पोरांना जवळ फिरकू देऊ नका."

हेडमास्तरांना घाम फुटला. शाळेत पोरं दीडशे आणि शिपाई एक, तोही मांडवाच्या कामात. तेवढ्यात आवार झाडणारी नवशी पुढं झाली. ती जिव्याची बायको. "माझा घरवाला बसून हाय, मास्तर," ती म्हणाली. "राखणीला त्याच्यासारखा कोन नाय."

मांडवाचे बांबू बैलगाडीतून उतरवणारा सावळा तिथंच होता. तो हसला. "बघा बुवा. माझी नागली त्याच्याच राखणीत गेली."

हेडमास्तरांकडे दुसरा माणूस होता कुठं? जिव्या आला. पाड्यापाड्यांवरची माणसं तीन दिवस संमेलनाला येणार होती. त्या सगळ्यांदेखत ही वस्तू धड राखली तर कोणीतरी पुन्हा शेत देईल, एवढीच त्याला आशा होती. नाहीतर राखणदार म्हणून तो संपलाच होता.

पण राखायचं कशापासून? हा प्रश्न जिव्याला पहिल्या घटकेपासून छळू लागला. भाताचा वैरी डुक्कर, नागलीचा वैरी पोपट. हिला खायला कोण येतं? त्यानं मोटारीभोवती हातभर रुंद राखेचं कडं घातलं आणि समोरच्या आंब्याच्या खालच्या फांदीवर बैठक मारली. बसून बघत राहिला. त्याला त्यात अशी काही गोडी लागली की तो तंबाखू मळायचाही विसरला.

मोटार बंद होती, तरी आतून टकटक आवाज येत होता. जिव्या खाली उतरला आणि हात न लावता कान जवळ नेऊन ऐकलं. आवाज हळूहळू विरळ झाला आणि थांबला. नवशी भाकरी घेऊन आली तेव्हा तो तिला म्हणाला, "आत किडा हाय कायतरी. ऊन उतरला का झोपतो."

"जिती हाय का ही?" नवशीनं कडं न ओलांडता विचारलं. पदर नाकाला लावून म्हणाली, "घासलेटासारखा वास मारते."

"जिती नाय. पन मेलेली बी नाय," जिव्या म्हणाला, आणि या उत्तरावर दोघंही बराच वेळ विचार करत बसली.

एक शेळी आली, चाक हुंगून शिंकली आणि तडक निघून गेली. म्हणजे शेळी वैरी नव्हे. एक कावळा आला आणि पुढच्या छोट्या आरशातल्या कावळ्याशी भांडू लागला. जिव्यानं त्याला हुसकावून आरशावर पान बांधलं. एका कुत्र्यानं चाकापाशी तंगडी वर केली, त्याला ढेकूळ बसलं. आणि पोरं? ज्यांची एवढी धास्ती घेतली होती ती पोरं राखेच्या बाहेर रांगेनं उभी राहायची. कड्यात पाय पडला तर कोणाचा ते जिव्या ओळखतो, हे सगळ्यांना ठाऊक. दुसऱ्या दिवसाची दुपार झाली तरी वैरी काही सापडेना.

तो आला दुपार कलल्यावर. खुद्द साहेब! सोबत गणिताचे मास्तर. मोटार दाखवता दाखवता साहेबांना हुरूप आला आणि दार न उघडता, त्याच्या काठावर हात टेकून, त्यांनी आत उडी घेतली. बुटाच्या टाचेची लोखंडी नाल दाराला घासत गेली. मास्तर वाहवा म्हणाले. साहेब तसेच उडी मारून बाहेर आले आणि दोघं बोलत चहाला निघून गेले.

जिव्या फांदीवरून उतरला. दारावर बोटभर लांब पांढरी रेघ होती. खाली राखेत बुटाचे ठसे, टाचेच्या नालेसकट. त्यानं पळसाची पानं आणली, ठसे झाकले, वर खडे ठेवले. पुन्हा धनीच! पुन्हा त्यालाच हे बघायला लागावं, याचा त्याला मनस्वी राग आला.

तिसऱ्या दिवशी सकाळी साहेब निघाले. निरोपाला सगळी शाळा जमली होती, पाड्यांवरची माणसं होती, मांडव सोडवायला सावळाही आला होता. साहेबांची नजर दारावर गेली आणि चेहरा मोटारीइतका लाल झाला.

"हे काय आहे? कोण राखत होता इथं?"

हेडमास्तर लगबगीनं पुढं आले. "वानरं फार झालीत हो इकडे. वानरच असणार. काय रे जिव्या? वानर आलं होतं ना?"

वाट मोकळी करून दिली होती बिचाऱ्यांनी. नुसती मान डोलावली असती तरी साहेब, शाळा, सगळे सुटले असते. पण जिव्या सुटला नसता. वानर आलं म्हणजे राखणदार झोपला, आणि जमलेल्या माणसांत सावळा आधीच तोंडावर हात धरून हसू दाबत उभा होता.

"वानर नाय आला," जिव्या म्हणाला. त्यानं खाली बसून खडे बाजूला केले आणि एकेक पान उचललं. "हा आत जाताना. हा भायेर येताना. साहेब, पाय तुमचा हाय."

साहेब ठशाकडे बघत राहिले. मग त्यांनी एक पाय गुडघ्यावर घेऊन टाच उलटी केली. नालेच्या कडेला लाल रंगाचा कपचा चिकटलेला होता.

"मग तेव्हाच का नाही अडवलंस?"

"धन्याला कोन अडवल, साहेब? पन ठसा धन्याचा बी ठेवाय लागतो."

साहेबांनी रुमालानं ती रेघ एकदा पुसून पाहिली. मग मूठ फिरवून दार उघडलं, आत बसले, आणि कोणाकडे न बघता मोटार सुरू करून निघून गेले.

"एवढं बोलायची काही गरज होती का रे?" हेडमास्तर कपाळ पुसत म्हणाले आणि उत्तराची वाट न बघता आत गेले. माणसं पांगली. नवशी खराट्याला टेकून नवऱ्याकडे बघत होती. ती हसत नव्हती, पण तिला बरं वाटत होतं, आणि ते दिसत होतं.

थांबलो तर धीर जाईल हे जिव्याला कळत होतं. तो तसाच बांबू गाडीत भरणाऱ्या सावळ्यापाशी गेला.

"सावळ्या, तुझ्या नागलीत डुकरां नव्हती आली. तुझाच बैल व्हता. फुटक्या खुराचा. ठसा मीच पुसला."

सावळा दोर आवळत राहिला.

"माना ठावं व्हता," तो म्हणाला.

"ठावं व्हता?"

"त्याच्या शेनात नागली दिसली ना. तू बोलशील म्हनून चार दिस वाट बघितली. तू नाय बोलला. मग माना बरां पडला." त्यानं मान वर केली नाही. "औंदा नागली चांगली हाय. उद्यापून ये माळ्यावर."

वर्षभर जिव्या या एका वाक्यासाठी झुरला होता. आता ते समोर आलं आणि त्याला आनंदाआधी रडूच आलं. त्यानं मनगटानं डोळे पुसले.

"पयला भिकाला सांग," तो म्हणाला. "मंग येतो."

सावळ्यानं एकदा बैलांच्या पाठीकडे बघितलं. मग त्यानं मागचे चार बांबू उचलून खाली टाकले आणि गाडीत एका माणसापुरती जागा केली.

"बस," तो म्हणाला. "तुझ्यासमोरच सांगतो."