हिरो नुसता उभा असतो तेव्हा

गेम बनवणाऱ्यांनो, आज मला एका जागी बसवतच नाहीये.

माझ्या गेममधला हिरो कायम पाठीमागून दिसतो. तो नुसता उभा असला तरी जिवंत वाटायला हवा, म्हणून मी त्याला पप्पांची सवय लावली. पप्पा उभे असले की एका पायाच्या तळव्याने दुसऱ्या पायाची पोटरी घासतात. मिठागरातला सुकलेला चिखल काढायची ही जुनी सवय. आता मिठागर नाही, आम्ही पनवेलला फ्लॅटमध्ये राहतो.

क्लासमध्ये सर म्हणाले, "हे चुकल्यासारखं दिसतंय. उद्या सबमिशनआधी काढून टाक."

घरी येऊन पप्पांना दाखवलं, सर काय म्हणाले तेही सांगितलं.

"सर बरोबर बोलतान. चिखल हाय कुठं? मग पाय कशाला घासतोय?"

बोलताना त्यांचा तळवा पोटरीवरच होता.

तेव्हापासून डिलीटवर बोट आहे, पण दाबवत नाहीये. तुम्ही असता तर काढलं असतं?