मंगळवारची दाढी

माझ्या सासऱ्यांचं दुखणं हाडांत उतरलं होतं आणि मी दर मंगळवारी त्यांची दाढी करून त्यांना नटवत होते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी बऱ्याच जणांवर तोंडसुख घेणार आहे.

मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, आता इलाज नाही, घरी न्या. नवऱ्याने त्यांना गाडीत घालून पोलादपूरच्या वर आमच्या वाडीत आणलं, रस्ता संपतो तिथून खुर्चीवर बसवून चौघांकडून वर चढवलं आणि तिसऱ्या दिवशी तो आपल्या नोकरीवर परत गेला. मागे राहिलो मी, मामंजी, दोन म्हशी आणि सात शेळ्या. मी तुडीलची, नदीकाठची, बारावी शिकलेली. म्हणून मोबाइलचं काम माझ्याकडे आलं.

महाडच्या दवाखान्यातली नर्स एकदा चढून आली आणि तिने माझ्या फोनवर एक ॲप टाकून दिलं. बरं करायचं नाही, पण दुखू द्यायचं नाही, असा तो इलाज होता. रोज किती दुखतंय याचा आकडा भरायचा, शून्य ते दहा. शून्याचं तोंड हसरं, दहाचं रडकं. आकडा बघून महाडचे डॉक्टर मॉर्फिनच्या गोळीचं ठरवणार. शिवाय मंगळवारी अकराला डॉक्टर व्हिडिओ कॉलवर येणार. नर्स बिचारी नीट समजावून गेली. तिला आमची माणसं माहीत नव्हती.

कॉलची लिंक नवऱ्याने घरच्या ग्रुपवर टाकली. झालं. मंगळवारी अकराला डॉक्टरांसोबत नवरा, थोरले दीर, नणंद, नणंदेची सासू, सगळे पडद्यावर हजर. एवढ्या माणसांसमोर आजारी माणूस जसा आहे तसा कसा दाखवायचा? मी सकाळी दाढी करायचे. धुतलेला सदरा, टोपी. सकाळची गोळी मी बरोबर दहाला द्यायचे, म्हणजे अकराला तिचा गुण दिसेल. घरात रेंज नाही, ती पडवीच्या कोपऱ्यातल्या खांबाशीच येते. म्हणून शेजारचे दोन चुलत दीर त्यांना माजघरातून उचलून पडवीत आणायचे. उचलताना मामंजी ओठ चावायचे.

"बाबा, कसं वाटतंय?" डॉक्टर विचारायचे.

"बरा हाय. तुमी कसे हाव? चाय घेतली का?"

आमच्याकडे कोणी कसं काय विचारलं की बरा हाय म्हणायचं. मरायला टेकलेला माणूससुद्धा पाहुण्याला दुसरं उत्तर देत नाही.

"दुखतंय किती? दहापैकी?"

"दोन."

नंतर मी विचारलं, दोनच का सांगता. म्हणाले, "शून्य सांगला तर खोटा वाटंल गो. झाकली मूठ सव्वा लाखाची." डॉक्टरांशीही बाजारात घासाघीस करावी तसे वागत होते. पडद्यावरचे सगळे खूश होऊन निघून जायचे, चुलत दीर त्यांना आत ठेवायचे, आणि दुपारी गोळी उतरली की मी कूस बदलताना ते असे ओरडायचे की गोठ्यात म्हशी उभ्या राहायच्या.

एकदा मी रोजच्या आकड्यात आठ भरले. संध्याकाळी नवऱ्याचा फोन. त्याच्याही फोनवर तो आकडा दिसायचा.

"आठ कशाला टाकलंस? डोस वाढला की माणूस लवकर जातो, पता है ना? परत ॲडमिट करायला सांगितलं तर कोण बघणार?"

"मग मी काय भरू?"

"ते स्वतः काय सांगतात? दोन ना? मग दोन भर."

मी दोन भरले. नवऱ्याच्या धाकाने भरले असं म्हणायला मला आवडलं असतं. खरं कारण वेगळं होतं. आठ भरले की वाडीत म्हणणार, सून नीट बघत नाय. माझ्या नावासाठी त्या म्हाताऱ्याने रोज सहा आकडे फुकट सोसले. त्याबद्दल मी स्वतःला माफ केलेलं नाही, आणि नवऱ्याला तर मुळीच नाही.

गवताची कापणी सुरू झाली आणि एका मंगळवारी वाडीतले सगळे उतारावर गेले. उचलायला कोणी नव्हतं. मला त्यांची गादी बदलायची होती, गोळीला अजून तास होता. मी फोन भाताच्या कणग्यावर उभा केला, रेकॉर्डिंग चालू केलं आणि त्यांना कुशीवर वळवलं. पंचा सुटला होता. तेही त्यात आलं. मला थांबवता आलं असतं.

अकराला मी एकटीच खांबाशी उभी राहिले.

"बाबांना बाहेर आण," नवरा म्हणाला.

मी तो व्हिडिओ ॲपवरून डॉक्टरांना पाठवला. त्यांनी तो तिथेच उघडला, कॉल चालू असताना. तो सगळ्यांच्या पडद्यावर दिसला, आवाजही सगळ्यांना गेला. माझ्या फोनमधूनही मोठ्याने आला, पडवीतून आत माजघरापर्यंत.

नणंद रडायला लागली. डॉक्टर म्हणाले, "हे दोन नाहीत. कधीच नव्हते." औषध लगेच वाढवतो, उद्या नर्सला पाठवतो, आणि या औषधाने माणूस लवकर जात नाही, हे त्यांनी नवऱ्याला दोनदा सांगितलं. नवऱ्याने ऐकलं नाही. तो मला म्हणत होता, "माझ्या बापाला सगळ्यांसमोर नागडा केलास तू."

मी फोन बंद करून आत गेले. मामंजी दाराकडेच बघत होते.

"कोन वरडत व्हता गो?"

"तुम्ही."

त्यांनी तोंड भिंतीकडे केलं.

दुसऱ्या दिवशी नर्स नवं औषध घेऊन चढून आली. त्यानंतर मामंजी अठरा दिवस जगले. झोपायला लागले, पेज प्यायला लागले, शेजारच्या चुलत जावेशी शेळ्यांच्या, गवताच्या गप्पा मारायला लागले. माझ्याकडून औषध घेत, अंग पुसून घेत. बोलत मात्र नसत. मी खाटेशी हातभर अंतरावर उभी असताना ते जावेला म्हणायचे, "तिला सांग, कूस बदलायची हाय."

जाऊ माझ्याकडे बघायची. मी कूस बदलायचे. ते ओरडत नसत.