पिक्चर सांगणाऱ्याची मुलगी

वेवजीच्या फाट्यावर मला सोडायला सगळा पाडा आला होता. मी नर्सिंग शिकायला पुण्याला निघाले होते. एवढ्या लांब शिकायला जाणारी आमच्या पाड्यातली मी पहिलीच मुलगी. आईने पिशवीत सुकी मच्छी बांधून दिली होती. तिचा वास हॉस्टेलभर होणार हे तेव्हाच कळत होतं, पण नाही म्हणायची सोय नव्हती. शेजारची काशीमावशी माझी पाठ इतकी चोळत होती की शेवटी मीच म्हटलं, मावशे, कातडी तरी राहू दे. बाबा मात्र गप्प उभा. एसटी आली, मी चढले, खिडकीतून हात बाहेर काढला, तेव्हा तो पुढे झाला. इतरांचे बाप सांगतात, अभ्यास कर, जपून राहा, पत्र टाक. माझा बाबा म्हणाला, "पिक्चर बघशील तर पुरता बघ. मधेच उठू नको."

मला रडू यायचं ते हसू आलं. म्हटलं, धन्य आहे या माणसाची, पोरगी चालली आणि याला पिक्चर सुचतोय.

हे लिहिते आहे ते पाड्यावर राहिलेल्या तुम्हा सगळ्यांसाठी, आणि माझ्यासारखे जे वापी, विरार, नाशिककडे पांगले त्यांच्यासाठीही. तुमच्यातल्या तरण्या पोरापोरींना माझा बाबा पिक्चर कसा सांगायचा ते माहीत नसणार. तेव्हा जरा ऐका. घरच्या बोलीत जे बोललं गेलं ते मी इथे मराठीत लिहिलंय, समजून घ्या.

बाबा बांबूच्या टोपल्या विणायचा. महिन्यातून एका शनिवारी टोपल्यांचा भारा एसटीच्या टपावर चढवून डहाणूला न्यायचा आणि चिकूच्या वाड्यांवर देऊन यायचा. आता सगळीकडे प्लास्टिकचे क्रेट झाले, तेव्हा चिकू टोपलीतच भरायचे. काम दुपारपर्यंत आटपायचं आणि स्वारी थिएटरात. तिथे तीनच्या खेळाला जुने पिक्चर लागायचे, बहुतेक काळेपांढरे, रेघा पडलेले. आणि आमच्या पाड्याची एक रीत होती. जो पिक्चर बघून येईल त्याने तो दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला खळ्यावर सगळ्यांना सांगायचा. शिकार मिळाली की घरटी वाटे पडतात, तसेच पिक्चरचेही पडायचे. एकट्याने बघून एकट्याने पचवलं तर लोक नावं ठेवायचे.

बाकीचे कोणी गेले की "चांगला होता, मारामारी होती" एवढ्यावर उरकायचे. बाबा तसा नव्हता. वकील आला की तो पुस्तकातली मराठी बोलायचा, शेठ आला की गुजराती, आणि पिक्चरातली आई आली की आमची घरची बोली. हिरोइनसाठी डोक्यावर टॉवेल घ्यायचा आणि असा लाजायचा की बायका पदर तोंडात कोंबून हसायच्या. गाणी अर्धी पाठ, अर्धी मनची. मध्यंतरसुद्धा असायचं. ऐन रंगात आला की थांबायचा आणि कोणीतरी आणून दिलेला कोरा चहा फुंकून फुंकून प्यायचा. लोक चडफडायचे, पण चहा संपेपर्यंत काही विचारायचं नाही असा नियम होता. पिक्चरचं नाव त्याच्या कधी लक्षात राहिलं नाही. तो स्वतःच नावं ठेवायचा. विहिरीवाला, टांगेवाला, दोन सुनांचा.

सगळ्यांचा लाडका होता आगबोटीवाला. बंदरावरच्या एका गरीब बाईचा मुलगा आगबोटीत बसून परदेशी कामाला जातो. बोट आली की ती दर वेळी धक्क्यावर जाऊन उभी राहते. वर्षं जातात, डोळे अधू होतात. शेवटी एक बोट येते, सगळे उतरून जातात आणि अगदी मागाहून एक मिशीवाला माणूस उतरतो. त्याची ट्रंक म्हातारीला लागते. ती त्याला जन्माचे शिव्याशाप देत पाठीत धपाटा घालते, आणि तो खाली वाकून म्हणतो, आई, तुझा हात अजून तसाच लागतो. इथे खळ्यावर एकही डोळा कोरडा नसायचा. आश्रमशाळेच्या सुट्ट्यांत घरी असायचे तेवढ्यात मी हा पिक्चर सात-आठ वेळा ऐकला असेल.

पुण्यात सगळंच वेगळं होतं. हॉस्टेल, वॉर्ड, ड्यूटी, सिस्टर-सिस्टर म्हणून हाका मारणारे पेशंट. माझं मराठी ऐकून मुली विचारायच्या, तू गुजरातची का. सुरुवातीला मी गावाचं नाव सांगायचं टाळायचे, खोटं कशाला बोलू. मग नोकरी लागली, लग्न झालं, पेठेत घर झालं. आणि पेठेतच एका वाचनालयाच्या हॉलमध्ये लेलेसरांचा फिल्म क्लब सापडला. लेलेसर म्हणजे कॉलेजातून रिटायर झालेले प्राध्यापक, जुन्या पिक्चरचं वेड घेतलेले. दर दुसऱ्या रविवारी एक जुना पिक्चर दाखवायचे आणि नंतर चहा घेत चर्चा. फ्रेम, क्लोजअप, लायटिंग असले शब्द मी तिथेच शिकले. पण पिक्चर मला शिकावे लागले नाहीत. पहिली पाच मिनिटं झाली की मी ओळखायचे, अरे, हा तर टांगेवाला. पुढचा सीन मी आधीच शेजारणीच्या कानात सांगायचे. शेवट कधी वेगळा निघाला तर बाबाची दोन पिक्चरात गल्लत झाली असेल म्हणून सोडून द्यायचे. लोक चकित व्हायचे, हिने हे सगळं बघितलं कधी? मी ताठ मानेने सांगायचे, बघितलं नाही, ऐकलंय.

ती मान खाली घालायची वेळ गेल्या वर्षी आली. लेलेसरांनी आगबोटीवाला लावला. दिवाळीआधीच्या खेळाला सरांनी पुढच्या पिक्चरची गोष्ट थोडक्यात सांगितली तेव्हाच मी तो ओळखला होता आणि सगळ्यांना बजावून ठेवलं होतं, रुमाल घेऊन या. पिक्चर संपत आला. बोट आली, माणसं उतरली, धक्का रिकामा झाला, म्हातारी एकटीच उभी राहिली आणि कॅमेरा मागे मागे जात पडदा काळा झाला. दिवे लागले. मिशीवाला आलाच नाही.

मी उभी राहून म्हटलं, सर, ही प्रिंट कापलेली आहे. लेलेसर शांतपणे म्हणाले, नाही हो, शेवट असाच आहे. मी ऐकते कुठली. म्हटलं, माझ्या वडिलांनी थिएटरात बघितलाय, मुलगा येतो, ट्रंक लागते, आई शिव्या देते, तुम्हाला अर्धवट माल मिळालाय. एवढं बोलून वर आणखी दोन पिक्चरचे शेवट पुरावा म्हणून सांगितले. सर हळूच म्हणाले, तेही तसे नाहीत. मागून कोणीतरी फस्सकन हसलं. मी पर्स उचलली आणि तरातरा घरी आले. आल्या आल्या बाबाला फोन लावला. काय बोलले ते सगळं लिहीत नाही, पण लोकांसमोर माझं हसं झालं तुझ्यामुळे, एवढं नक्की बोलले.

 मग तो म्हणाला, "सव्वापाचला गाडी होती."

मला काही कळेना. मग त्याने सांगितलं. तीनचा खेळ सहाला सुटायचा. तलासरीमार्गे आमच्याकडे येणारी शेवटची एसटी डहाणूच्या स्टँडवरून सव्वापाचला निघायची. पाचच्या ठोक्याला अंधारात लोकांच्या पायांवरून धडपडत बाहेर पडायचं आणि स्टँडवर पळायचं. इतकी वर्षं पिक्चर बघितले, पण एकाचाही शेवट त्याने बघितला नव्हता. एकाचाही नाही. मी विचारलं, मग खोटं का सांगितलंस? तो म्हणाला, माणसं कामं टाकून खळ्यावर येऊन बसलेली, त्यांना काय सांगू, पुढचं ठाऊक नाही? आणि मग आवाज खाली आणून म्हणाला, पाड्यावर बोलू नको.

फाट्यावर निरोप देताना त्याने मला मधेच उठू नको असं का सांगितलं, ते मला त्या दिवशी कळलं. फोन ठेवला आणि मी स्वयंपाकघरात बसून रडले.

आता पंचाईत अशी होती की मी आधीच शब्द देऊन बसले होते. डिसेंबरात भाताची झोडणी उरकली की क्लबचा प्रोजेक्टर घेऊन येते आणि पाड्याला आगबोटीवाला दाखवते, असं मी दिवाळीत सगळ्यांना सांगितलं होतं. शाळेच्या गुरुजींनी पडद्यासाठी चादरी जमवायलाही घेतल्या होत्या. बाबाची अख्खी पत त्या पिक्चरांवर. लग्नात त्याला मानाने बोलावून बसवतात, पंचात त्याचा शब्द चालतो, पिक्चरवाला म्हणून चार गावांत ओळख. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला सगळ्यांसमोर खोटा पाडायचा आणि तोही मीच? मी म्हटलं, बाबा, दुसरा कुठला तरी पिक्चर आणते, विनोदी. त्याने फोन ठेवून दिला. चार दिवसांनी त्याचाच फोन आला.

"तोच आण," तो म्हणाला. "मला पण शेवट बघायचाय."

दरम्यान माझा क्लबवरचा राग निवळला होता. मी गेले, माफी मागितली आणि खरं काय ते सांगितलं. लेलेसर खुर्ची ओढून समोर बसले आणि म्हणाले, मला तुमच्या वडिलांचे सगळे शेवट सांगा. मी सांगत गेले आणि सांगता सांगता माझ्याच ध्यानात येत गेलं. विहिरीवाल्यात सून खरं म्हणजे विहिरीत जीव देते, हे सरांनी सांगितलं. बाबाच्या सांगण्यात सासू तिला दोराने वर ओढून घेते आणि स्वतःच्या हाताने डोकं पुसते. बाबाने तो सांगितला त्या संध्याकाळी खळ्यावर एक नवी सून आणि तिची सासू बसल्या होत्या, त्यांचं आठवडाभर बोलणं बंद होतं हे सगळ्या पाड्याला माहीत होतं. शेवट असे उगाच सुचत नव्हते, माझा बाबा समोर कोण बसलंय ते बघून सांगत होता. त्या हॉलमधून मी घरी चालत आले आणि रस्ताभर माझी छाती फुगलेली होती.

डिसेंबरात गावी गेले. अंधार पडला तसा खळ्यावर पडदा ताणला, सगळा पाडा येऊन बसला. माझं पिक्चरकडे लक्ष नव्हतं, मी बाबाकडे बघत होते. थिएटरात पाचचा ठोका पडायचा तिथवर पिक्चर आला असेल तेव्हा त्याने सवयीने पाय जवळ घेतले, मग पुन्हा सोडले. त्यापुढचं तो आयुष्यात पहिल्यांदाच बघत होता, हावऱ्यासारखा, तोंड उघडं टाकून. धक्का रिकामा झाला. म्हातारी एकटी राहिली. पडदा काळा झाला तरी कोणी हललं नाही.

बाबा उठला. काठी टेकवत पडद्यापुढे गेला आणि म्हणाला, "खरा शेवट हा. मी सांगितला तो मनचा होता. मी कधी शेवटपर्यंत थांबलोच नाही."

 तेवढ्यात काशीमावशी बोलली. आता तिला नीट दिसत नाही, पण जीभ शाबूत आहे.

"सव्वापाचची गाडी आम्हाला ठाऊक नव्हती काय रे? मिरच्या विकून आम्ही पण त्याच गाडीने यायचो. तुझ्याच बाजूला बसून यायचो."

सगळे हसायला लागले. सगळ्यांना ठाऊक होतं. पहिल्या पिक्चरपासून ठाऊक होतं. पाड्यात डहाणूची शेवटची गाडी कुणाला माहीत नसते? मीच एकटी खुळी, आश्रमशाळेच्या वसतिगृहात वाढलेली, तिला ना गाडीची वेळ माहीत ना खेळाची. बाबा खुळ्यासारखा बघत राहिला. मावशी हसली नव्हती. तिचा थोरला मच्छीमारीच्या बोटीवर गेला तो वेरावळला की कुठे गेला, पुढे परत आलाच नाही, हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे.

ती म्हणाली, "तू पहिल्यांदा सांगितलास, तो मिशीवाला उतरला म्हणून, तेव्हा माझ्या पोराला जाऊन दोन पावसाळे झाले होते. मनचा आहे ते कळत होतं मला. पण त्या दिवशी मी घरी जाऊन पोटभर जेवले."

 मग म्हणाली, "आता तुझा सांग."

प्रोजेक्टर बंद केला. बाबाने चहा मागितला, सावकाश प्यायला, आम्ही सगळे मुकाट थांबलो. मग त्याने बोट आणली. माणसं उतरवली, धक्का रिकामा केला. आणि मग मिशीवाला न उतरता एक बाई उतरली. पायात पांढरे बूट, केसांत थोडी चांदी, हातात बॅग. मी इकडेतिकडे बघायला लागले. म्हातारीने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, वाळलीस म्हणाली, कोण खायला घालतं का नाही तुला तिकडे म्हणाली. आणि मग माझ्या बाबाने घरच्या बोलीत, त्या आईच्या आवाजात विचारलं, "रजा किती दिवसांची आहे?"

एवढं विचारून तो थांबला. सगळा पाडा माझ्याकडे वळून बघत होता.

"चार दिवसांची," मी म्हटलं.

तो म्हणाला, "पुष्कळ झाली," आणि पुढे सांगायला लागला.

पुण्यात आता कोणी विचारलं तर मी गावाचं नाव आधी सांगते, तालुका आणि जिल्ह्यासकट. तिथे आता तुझं काय राहिलंय, असंही लोक विचारतात. मी म्हणते, तिथे माझा बाबा आहे आणि तो मला बघून शेवट बदलतो. आणखी काय पाहिजे माणसाला.