काट्यावरचा पाय

नव्वदच्या दशकात हिंगोलीतल्या एका आडतीत मी मापाडी होतो. जमिनीवरच्या वजनकाट्यावर हळदीची पोती तोलायचं काम. माझ्या जोडीला एक बौद्ध तरुण होता. त्याचं माप माझ्याहून चोख. दसऱ्याला काट्याची पूजा मापाड्यांनी आळीपाळीनं करायची, ही आमची रीत. एका वर्षी पाळी त्याची आली.

दसऱ्याच्या सकाळी तो हमालांच्या मुकादमाला म्हणाला, "मी काटा धुऊन पुसून देतो, नारळ तुमी फोडा. आमच्यात पूजा न्हाई."

"काहून? पोट भराया काटा चालतो, हात जोडाया न्हाई चालत?" मुकादमानं हमालांकडं पाहिलं. "बघा रे, साहेब आला आपल्याकडं!"

हमाल हसले. तो काटा धुऊ लागला. कडेची हळद निघेना, म्हणून एक पाय काट्यावर देऊन त्यानं जोर लावला. मुकादमाच्या हातात पोती ओढायचा लोखंडी आकडा होता. पहिला घाव खांद्यात रुतला. "पाय ठेवतो व्हय रे!" दुसरा कानाखाली. तो पडल्यावर तीन हमालांनी लाथा घातल्या. मी अकरापर्यंत मोजल्या, मग मोजणं सुटलं. मध्ये पडलो नाही.

त्याला एकोणीस टाके पडले. मालकानं त्यालाच कामावरून काढलं. धर्मावरून मारलं आणि काढलं, असा अर्ज त्यानं सरकारी कचेरीत दिला. साक्षीदार म्हणून माझं नाव घातलं. "दादा, पाह्यलं तेवढंच सांगा," एवढंच म्हणाला.

चौकशीत मी तेवढंच सांगितलं. घाव दोन, लाथा अकराच्या वर, मारणारे चार. मुकादमाचं बोलणंही सांगितलं. कचेरीतल्या साहेबांनी विचारलं, "त्याचा पाय काट्यावर होता?"

"होता."

"पूजेच्या दिवशी?"

"व्हय."

मी जबाब दोनदा वाचून सही केली. अर्ज फेटाळला गेला. पूजेच्या वस्तूवर पाय देऊन भांडण अर्जदारानंच ओढवलं, असं कारण दिलं होतं.

निकालाचा कागद घेऊन तो आडतीच्या दारात आला. "दादा, पोतं चढवताना आपण सगळे रोज काट्यावर पाय देतो. तुमी देता, मुकादम देतो. हे काहून न्हाई सांगितलं?"

"त्यांनी विचारलं नाही."

त्यानं माझ्या कानशिलात भडकावली. ओठ फुटून तोंडात रक्त आलं. मुकादम धावत आला, त्याला ढकलून मला म्हणाला, "चल, आत्ताच्या आत्ता याची फिर्याद देऊ. मी साक्षीदार हाय."

मी नको म्हणालो. त्याच्यासाठी एवढंच केलं.