संध्याकाळी मिटणारा डोळा

शुद्धलेखन चुकले असेल तर माफ करा, चौथीपर्यंतच शिकले. अक्षरही वाईट आहे. ओळ सुरू होताना बरे असते, मग हात थकतो आणि अक्षरे खाली घसरतात. ही वही कोणाला दाखवायची नाही, तरी माफी मागून ठेवलेली बरी.

दोन वर्षांपूर्वी माझी डावी पापणी मिटायला लागली. सकाळी ठीक, दुपारनंतर आपोआप खाली. इंदिरानगरच्या भाजीवाल्याला वाटले, मी डोळा मारते. मी मान वर करून कोणाशी बोलत नाही, डोळा कुठला मारणार? त्याने कोथिंबिरीची जुडी फुकट टाकली. त्याच्या बायकोने ती माझ्या पिशवीतून परत काढून घेतली.

मग हात गळू लागले, घास अडकू लागला. हसायला गेले की समोरच्याला वाटे, मी दात विचकते आहे. तपासण्यांसाठी बचत गटातून वीस हजार कर्ज काढले. डॉक्टर म्हणाले, स्नायू चांगले आहेत, पण नसेचा निरोप त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. रोगाशी लढणारी शरीराची फौजच चुकून वाट अडवते. मला आमच्या सोसायटीचा वॉचमन आठवला. तो परक्यांना आत सोडतो आणि मला रोज विचारतो, कोणाकडे जायचंय. आजार कायमचा आहे, गोळ्या वेळेवर घ्या, थकायच्या आधी बसा, असे सांगितले.

मी गटाच्या मसाल्याच्या पुड्या बांधून हप्ता भरत असे. काम कमी झाले आणि दोन हप्ते चुकले. त्यात बैठक संध्याकाळी पाचला. हप्त्याचा विषय निघाला की माझी मान लटके, आवाज नाकात जाई. एकदा गटातल्या दोघीजणी सकाळी मला पाहायला घरी आल्या, तर मी पाण्याची बादली घेऊन जिना चढत होते.

पुढच्या बैठकीत अध्यक्षबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "सकाळी बादल्या उचलतेस, आणि हप्त्याच्या वेळी बरा डोळा मिटतो गं तुझा."

पैसे एकदम भरायचे, नाहीतर नाव कमी करायचे, असे ठरू लागले. नाव गेले की काम गेले, मग फेडणार कशी? सांगायला गेले तर जीभ जड. समोर सरबताचे पेले होते. दवाखान्यात पापणीवर बर्फ ठेवून पाहिला होता, ते आठवले. मी पेल्यात बोटे घालून बर्फ काढला, रुमालात बांधून डोळ्यावर धरला. दोन मिनिटांनी रुमाल काढला, तर डोळा टक्क उघडा.

एकीने पदर डोक्यावर घेतला. दुसरीने हळूच आपल्या गुडघ्याला बर्फ लावला. थोड्या वेळाने पापणी पुन्हा उतरली, तेव्हा अध्यक्षबाईंनी फ्रिजमधून आणखी बर्फ आणवला. असे तीनदा झाले. शेवटी मी हात जोडले. गाल बधिर झाला होता.

"असलं सोंग मला तरी जमायचं नाही," अध्यक्षबाई म्हणाल्या. "बैठक सकाळी सातला घेऊ."

तेव्हापासून महिन्यातून एकदा नऊ नवरे स्वतःचा चहा स्वतः करतात आणि माझ्या आजाराला शिव्या देतात. मी गोळी घेऊन पहाटेच पुड्या बांधायला बसते. हात जड झाला की अर्धी पुडी तशीच ठेवून उठते.

परवा शेवटचे सातशे रुपये दिले. अध्यक्षबाईंनी दोनदा मोजले आणि माझ्या पानावर आडवी रेघ मारली. वीस हजार, व्याजासकट, पूर्ण फिटले.