उणे साठ आणि उदगीरचा फोन

सुमनचं, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचं, लग्न जुळवण्यात माझा वाटा एवढाच की ते माझ्यामुळे मोडता मोडता राहिलं.

त्या दुष्काळी वर्षी मी नांदेडच्या एका कंत्राटदाराकडे मोबाईलची रेंज मोजायच्या कामावर होतो. हातात मावणारं मशीन घेऊन गावोगाव हिंडायचं आणि कुठे किती रेंज येते ते बघायचं. पण उमरीजवळच्या आमच्या गावात अप्पांनी, म्हणजे वडिलांनी, "पोरगं टावरचा सायब हाय" असं पसरवून ठेवलं होतं. (सायब एसटीने यायचा.)

सुमनला बघून गेलेली मंडळी उदगीरची, कापडाचे दुकानदार. "उदगीर आता जिल्हा होणार," हे त्यांनी चहाच्या घोटागणिक ऐकवलं. निघताना मुलाचे वडील म्हणाले, "रविवारी दुपारी अमावस्या लागते. होकार असंल तर त्याच्या आत फोन करू. न्हाई आला, तर न्हाई समजा." अप्पांनी छाती फुगवून 'टावरच्या सायबाचा' म्हणून माझा नंबर दिला. सुमनला मुलगा आवडला होता. उदगीरचं नाव निघालं की ती भांडी घासायला बसायची, आणि घरात घासायला पाणीच नव्हतं.

गावात रेंजचाही दुष्काळच. म्हणून मी ऑफिसचं मशीन घरी आणलं आणि रविवारी सकाळीच मोजायला लागलो. देवघरात उणे एकशे दहा.

"उणे?" अप्पा दचकले.

"उणे जितकं कमी, तितकी रेंज चांगली."

"म्हंजी तोटाच. कमी नायतर जास्त."

माळवदावर, म्हणजे घराच्या मातीच्या छतावर, उणे शंभर. मशीन फिरवत फिरवत मी निघालो, मागून अप्पा, माय आणि सुमन. उणे साठ सापडलं ते शेजारच्या गुंडप्पाकाकांच्या गोठ्यात. आता टँकर आला की पहिला पाईप कुणाच्या टाकीत, यावरून अप्पा आणि काका उन्हाळाभर बोलत नव्हते. पण लेकीसाठी अप्पांनी मान खाली घातली.

"गुंडप्पा, जरा तुझ्या गोठ्यात बसू का?"

काका म्हशीला बाजूला सारत म्हणाले, "बसा की. पाणी तेवढं मागू नका."

आम्ही बसलो. मायच्या मुठीत तोंड गोड करायला साखर. मी एका हातात मशीन, एका हातात फोन धरून उभा. दर थोड्या वेळाने "उणे साठ! एकदम भारी!" असं जाहीर करत होतो. ऊन डोक्यावर आलं. मायच्या मुठीतली साखर घामाने चिकट झाली. फोन काही वाजेना.

"रेंज चांगली हाय, पोरगी चांगली हाय, मग अडलं कुठं?" अप्पांचा आवाज कापायला लागला. सुमन खाली बघत होती. मला खरोखर रडू यायला लागलं.

तेवढ्यात सुमनने माझ्या फोनकडे पाहिलं. "दादा, हे 'सिम कार्ड घाला' काय लिहून आलंय?"

मशीन सिमशिवाय चालत नाही. ऑफिसचं सिम नांदेडला राहिलं होतं, म्हणून मी सकाळी माझंच काढून मशीनमध्ये घातलं होतं. मशीन रेंज मोजतं. वाजत नाही.

अप्पांनी वहाण काढली. काकांनी त्यांना धरलं. (दोघांचा अबोला इथेच सुटला.) मी सिम परत फोनमध्ये सरकवलं, आणि फोन सुरू होतो न होतो तोच वाजला. मी स्पीकर लावला.

"अवो, सकाळपासनं लावायलोय, बंदच! पंचांग पुढ्यात घेऊन बसलोय. आमच्याकडनं होकार हाय."

मायने साखर अर्धी सुमनच्या आणि अर्धी म्हशीच्या तोंडात घातली.

"पर एक अट हाय."

अप्पा पांढरे पडले. "बोला की."

"लग्नाच्या कामाचे फोन कुणाच्याबी नंबरावर करू. तेवढा टावरच्या सायबांचा नंबर सोडून."