चाकण कॅम्पातल्या बत्तीस कालवडी

चाकणच्या बाहेर सैन्याचा एक तात्पुरता ट्रान्झिट कॅम्प होता. पुढे पाठवायची जनावरं तिथे आठवडाभर उतरवत. मी पशुवैद्यकीय तुकडीत हवालदार होतो. जानेवारीत एका सकाळी ०६.४० वाजता चार ट्रक आले. तीन दिवस प्रवास केलेल्या बत्तीस कालवडी. मोजणी, पाणी, चारा, ताप तपासणी. आठ वाजता रिपोर्ट दिला : सगळ्या ठीक.

थंडी कडक होती. दुपारी मी गोठ्याला चारही बाजूंनी ताडपत्री बांधायला लावली. चारा पुरवणारे बापू शेजारच्या गावचे, घरी मेंढरं बाळगणारे. त्यांनी आत डोकावून नाक धरलं.

"हवालदारसायेब, समदं कोंडलं की. आमची मेंढरं उघड्यावर बसत्यात."

"बापू, ही मेंढरं नाहीत. सरकारी जनावरं आहेत."

"व्हय. पर नाक सरकारी न्हाई."

जवान हसले. मीही हसलो. ताडपत्री तशीच राहिली.

चौथ्या दिवशी सकाळी २१४ नंबर चाऱ्याला आली नाही. मान लांबवून, तोंड उघडं टाकून उभी होती. नाकातून घट्ट स्राव, ताप १०६. दहा वाजेपर्यंत नऊ झाल्या. गोठ्यात मुताच्या वाफेने डोळे चुरचुरत होते. मी वायरलेसवर कळवलं.

"नऊ आजारी. श्वास जड. ओव्हर."

"गोठा बंद आहे?" आमचे डॉक्टर, कॅप्टनसाहेब, विचारत होते. "ओव्हर."

"होय सर. ओव्हर."

"उघडा. आत्ता. मी निघालो. आऊट."

हायवेवरच्या कंटेनरांतून वाट काढत ते ११.५० ला पोचले. नाकातले नमुने घेतले, सगळ्यांना इंजेक्शनं दिली.

"सर, रोग आला कुठून? गेटवर बाहेरचं एकही जनावर आत सोडलं नव्हतं."

"बहुतेक मॅनहायमिया. तो जंतू धडधाकट जनावराच्या नाकातही असतो. प्रवासाने ती थकली, हवा कोंडली, तो फुप्फुसात उतरला."

लॅबने नंतर तेच नाव कळवलं. ताडपत्रीचा आदेश माझा होता, हे मी रिपोर्टात लिहिलं.

पाच वाचल्या, चार गेल्या. पुरायच्या दिवशी बापू न बोलावता फावडं घेऊन आले. चुना पसरताना त्यांनी विचारलं,

"हिचं नाव काय व्हतं?"

"दोनशे चौदा."

"नाव इचारलं, सायेब."

बाकी तिघी २१९, २२६ आणि २३१.